युरोपातून अमेरिकेला बोटीने: अटलांटिक ओलांडणाऱ्या एकेरी क्रूझविषयी

सांगलीच्या एका निवृत्त जोडप्याने विचारलेला प्रश्न असा आहे. मुलगा ऑर्लँडोला असतो, अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा दोघांकडे आहे. या ऑक्टोबरात थेट विमानाने न जाता आधी चार दिवस स्पेन बघावा आणि बार्सिलोनाहून मायामीला क्रूझने जावं, असं त्यांच्या मनात आहे. चौदा रात्रींचं भाडं इतकं कमी कसं, यात काही गोम तर नाही ना? सलग सात दिवस नुसतं पाणी बघून कंटाळा येईल का? यजमानांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. दोघंही शाकाहारी. बोट लागेल का?

मी बरीच वर्षं प्रवासी जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसमध्ये काम केलं आणि आता लोकांना असे प्रवास आखून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोम काही नाही. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणारी जहाजं हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये नेतात, कारण तेव्हा तिकडे गर्दी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात युरोपातून फ्लोरिडाकडे आणि एप्रिल-मे महिन्यात उलट, अशी त्यांची वर्षातून दोनदा बदली होते. प्रवासी असोत-नसोत, जहाज न्यावंच लागतं. इंधन लागतं, खलाशांचे पगार द्यावे लागतात. माल पोचवून परतणारा ट्रकवाला जसं मिळेल ते परतीचं भाडं घेतो, तसाच हा हिशेब आहे. त्यात वाटेत बंदरं कमी, नोकरदारांना दोन आठवड्यांची सुट्टी मिळत नाही आणि पोचायचं भलत्याच खंडात. म्हणून आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनचं भाडं दर रात्री माणशी ५० ते १०० डॉलरपर्यंत खाली येतं. त्यात राहणं, जेवण, करमणूक सगळं आलं.

पण भाड्याच्या आकड्यावर भुलू नका. त्यावर बंदराचे कर असतात, दर माणशी दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर टिप आपोआप खात्यावर चढते, इंटरनेटचे पैसे वेगळे. शिवाय मुंबई-बार्सिलोना आणि फ्लोरिडा-मुंबई अशी दोन सुटी एकेरी तिकिटं काढली तर ती महाग पडतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, मल्टिसिटी म्हणून काढा. बहुतेक वेळा बरेच पैसे वाचतात. हे सगळं मांडल्यावर सरळ विमानाने जाणंच स्वस्त ठरतं. पैसे वाचवायला म्हणून कोणी ही क्रूझ घेऊ नये. समुद्रावरचे ते सलग दिवस तुम्हाला हवे असतील, तरच घ्या, आणि ते हवे असतील तर एवढ्या पैशात असं दुसरं काहीही मिळत नाही. हे मी मनापासून सांगतो. ज्यांना दर दिवशी नवं गाव बघायचं असतं, त्यांना मी भूमध्य समुद्रातली सात दिवसांची साधी क्रूझ घ्यायला सांगतो. अटलांटिक त्यांच्यासाठी नाही.

आता ते दिवस कसे असतात ते बघू. बार्सिलोना सोडल्यावर पहिले चार-पाच दिवस स्पेनचं मालागा किंवा कादिस, मग मदेइरा बेटावरचं फुंचाल किंवा कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे अशी एक-दोन-तीन बंदरं लागतात. त्यानंतर जमीन संपते. फुंचाल ते मायामी हे अंतर साधारण ३३०० सागरी मैलांचं. जहाज १९-२० नॉट वेगाने, म्हणजे ताशी तितके सागरी मैल, गेलं तरी सात दिवस जातातच. रोज दुपारी कॅप्टन माइकवरून बोलतो: आपण कुठे आहोत, वारा कोणत्या दिशेचा, खाली पाणी किती खोल. सुरुवातीला कोणी लक्ष देत नाही. चौथ्या दिवशी बघाल, तर बोलणी थांबवून सगळे ऐकत असतात. कुठे खोली पाच हजार मीटर, तर मध्य-अटलांटिक पर्वतरांगेवरून जाताना तीच एकदम निम्मी होते, हे ऐकून पायाखालच्या डेककडे बघण्याची दृष्टी बदलते.

पश्चिमेकडे जाताना घड्याळ दोन दिवसांतून एकदा, कधी लागोपाठ, तासभर मागे करतात. स्पेन आणि फ्लोरिडाच्या वेळेत एरवी सहा तासांचा फरक. म्हणजे त्या दोन आठवड्यांत सहा दिवस तुम्हाला पंचवीस तासांचे मिळतात. रात्री एक तास जास्त झोप, सकाळी ताजंतवानं उठणं आणि मायामीला उतरताना जेट लॅगचा मागमूस नाही. वसंत ऋतूत उलट दिशेने जाणाऱ्यांचा रोज तास कापला जातो; तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सकाळच्या नाश्त्याला चेहरे बघवत नाहीत. त्यात ती जहाजं बर्म्युडा किंवा अझोर्स बेटांच्या बाजूने, म्हणजे बऱ्याचदा जास्त उत्तरेकडून जातात, रोज हवा थंड होत जाते. तुम्ही शरद ऋतू आणि पश्चिमेची दिशा निवडली आहे, ती योग्यच आहे. माझ्याकडे पहिल्यांदा अटलांटिक ओलांडायला येणाऱ्या कोणालाही मी दुसरा मार्ग सुचवत नाही.

याला कारण वाऱ्याचंही आहे. कॅनरी बेटांच्या दक्षिणेला ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे मिळतात. कोलंबस १४९२ मध्ये सप्टेंबरच्या ६ तारखेला कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून निघाला तो याच वाऱ्यांच्या भरवशावर. आजच्या जहाजाला शिडं नाहीत, पण वारा आणि लाट पाठीमागून आली की डोलणं सौम्य होतं आणि डेकवर उभं राहिलं तर वारा लागतच नाही, कारण जहाजही त्याच दिशेने जात असतं. दिवसागणिक हवा उबदार होत जाते. बार्सिलोनाला स्वेटर घालून चढलेली माणसं सातव्या-आठव्या दिवशी पोहण्याच्या तलावात असतात.

त्रास झालाच तर तो पहिल्या टप्प्यात होतो. बार्सिलोनाच्या उत्तरेला फ्रान्सकडून मिस्त्राल नावाचा जोरदार वारा सुटतो, जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून मोकळ्या अटलांटिकमध्ये शिरल्यावरही एखाद-दोन दिवस जहाज चांगलंच हलतं. तिथे अटलांटिकची लाट लांब असते, कोकणातल्या उधाणासारखी आदळत नाही. जहाज हळू वर जातं आणि हळू खाली येतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. केबिन निवडताना म्हणूनच खालच्या डेकवरची आणि जहाजाच्या लांबीच्या मधोमध असलेली घ्या. वरच्या मजल्यावरची पुढची बाल्कनी दिसायला सुंदर, पण हलते सगळ्यात जास्त. आपल्याकडे अॅव्होमिन मिळते, ती डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या. एकदा ओकाऱ्या सुरू झाल्या की गोळी पोटात राहत नाही. आल्याचे तुकडे, हिरवं सफरचंद, कोरडं बिस्किट यांनी बरं वाटतं. केबिनमध्ये पडून राहू नका; मधल्या डेकवर उघड्यावर या आणि क्षितिजाकडे बघा.

वादळांबद्दल सगळेच विचारतात. अटलांटिकचा हरिकेन हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, म्हणजे तुमचा प्रवास त्याच्या शेवटाकडे पडतो. जहाज वादळाची वाट बघत बसत नाही. कंपनीचे हवामानतज्ज्ञ आणि कॅप्टन काही दिवस आधीच मार्ग वळवतात. त्यात कधी एखादं बंदर गळतं. मदेइरा किंवा अझोर्स बघायचंच आहे म्हणून ही क्रूझ घेत असाल तर मन घट्ट करा. बंदर रद्द झालं तर कंपनी बंदराचे कर परत करते, त्यापलीकडे फारशी भरपाई नसते. तिकिटाच्या अटींमध्ये ते लिहिलेलं असतं.

कंटाळ्याचं म्हणाल तर जहाजावर दिवसभर काही ना काही चालू असतं: व्याख्यानं, नाचाचे वर्ग, पत्ते, प्रश्नमंजुषा, रात्री नाट्यगृहात कार्यक्रम. या फेऱ्यांना शाळकरी मुलं जवळजवळ नसतात. बहुतेक प्रवासी अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन निवृत्त माणसं. तीच माणसं रोज नाश्त्याला, व्याख्यानाला, चालण्याच्या फेरीला दिसतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ओळखी पक्क्या होतात. लाजू नका, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी बोला. पण मला विचाराल तर खरी मजा कार्यक्रमपत्रिकेत नाही. सकाळी सहाला चालायला डेकवर जा. जहाजाच्या नाळेने, म्हणजे पुढच्या टोकाने, पाणी कापलं की उडणारे मासे थव्याने उडतात आणि पाण्यावरून पन्नासेक मीटर तरंगत जाऊन पुन्हा बुडतात. पश्चिमेकडच्या अर्ध्यात सार्गासम शेवाळाचे पिवळट-तपकिरी पट्टे दिसू लागतात, वाऱ्याच्या रेषेत सरळ आखल्यासारखे. दिवसच्या दिवस दुसरं जहाज दिसत नाही. रात्री नाळेकडचा मोकळा डेक शोधा. त्या बाजूचे दिवे बंद ठेवलेले असतात, कारण वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, पहाऱ्याला असलेल्या अधिकाऱ्याला पुढचा अंधार नीट दिसायला हवा. तिथे डोळे सरावले की मृग नक्षत्र पूर्वेकडून वर येताना दिसतं आणि पहाटेच्या आधी दक्षिण क्षितिजाच्या थोडं वर अगस्त्य. शहरात राहिलेल्या माणसाने एवढं आकाश पाहिलेलं नसतं.

एक गोष्ट प्रवाशांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगतो. अमेरिकेच्या बंदरात परदेशातून येणाऱ्या प्रवासी जहाजांची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. कर्मचारी तिला यूएसपीएच (युनायटेड स्टेट्स पब्लिक हेल्थ) म्हणतात. १०० पैकी किमान ८६ गुण लागतात. ८५ म्हणजे नापास, आणि निकाल सगळ्यांना बघायला खुला असतो. उन्हाळाभर युरोपात फिरलेलं जहाज म्हणून अटलांटिक ओलांडताना अक्षरशः खरवडून काढतात. भटारखान्यातली प्रत्येक फट, बर्फाच्या मशिनची प्रत्येक नळी, भांडी धुण्याच्या पाण्याचं तापमान. ड्युटी संपल्यावरही मुलं खाली स्टीलच्या कपाटांमागे टॉर्च लावून बसलेली असतात. त्यांतली कितीतरी गोव्याची, सिंधुदुर्गातली, मुंबईची. तुम्हाला वर फक्त कठडे पुसणारा माणूस दिसतो. त्याच्याशी दोन शब्द मराठीत बोललात तर त्याचा दिवस चांगला जातो.

जेवणाची चिंता करू नका, पण गृहीतही धरू नका. तिकीट काढतानाच शाकाहारी, जैन, जे असेल ते लेखी कळवा. साधारण दोन महिने आधी. पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहातल्या हेड वेटरला भेटून पुन्हा सांगा. मोठ्या जहाजांवर भारतीय आचारी असतातच. उद्याच्या जेवणात वरण, भाजी, पोळी हवी हे आदल्या रात्री सांगितलं तर ते करून देतात. आयत्या वेळी मागितलं तर पास्ता मिळेल. बुफेमध्ये सूपमध्ये काय आहे ते रोज विचारा, दिसायला भाजीचं असलं तरी ते मांसाच्या पाण्यात उकळलेलं असू शकतं. घरून चिवडा, मेतकूट, लाडू न्या, पण बंद पाकिटातले, दुकानाचं लेबल असलेले. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, स्पाइक बस्टर नेऊ नका. सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात.

मधुमेहाबद्दल जरा जपून. घड्याळ एकेक तासाने सरकतं, त्यामुळे इन्सुलिनची वेळ विमानप्रवासापेक्षा सोपी जाते. तरी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या. केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा नुसता गारवा देतो, इन्सुलिनसाठी त्याच्यावर विसंबू नका. औषधासाठीचा फ्रिज आणि सुया टाकायचा डबा आधी मागणी केली तर विनामूल्य मिळतो. औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन आठवड्यांची जास्त, हातातल्या बॅगेत आणि प्रिस्क्रिप्शनसह ठेवा. बुफेमुळे साखर वाढते हे मी खूपदा पाहिलं आहे. रोज दोनदा मोजा.

जहाजावर डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, एक्स-रे असतं. हृदयविकाराचा झटका आला तर रुग्णाला स्थिर करता येतं, मोठी शस्त्रक्रिया होत नाही. आणि किनाऱ्यावरून येणारं हेलिकॉप्टर काही अंतरापर्यंतच पोचतं. मध्य अटलांटिक त्याच्या टप्प्याबाहेर आहे. अशा वेळी जहाज अझोर्सकडे किंवा बर्म्युडाकडे वळवावं लागतं, त्यात एक-दोन दिवसही जाऊ शकतात. अलीकडे छातीत दुखलं असेल, अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल, डायलिसिस चालू असेल तर मी स्पष्ट नाही म्हणतो. तुमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही, तरी डॉक्टरांना 'सात दिवस मोठं रुग्णालय नाही' एवढं सांगूनच विचारा. विमा घेताना पॉलिसीत क्रूझ धरली आहे का आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च किती रकमेपर्यंत आहे, या दोन ओळी स्वतः वाचा. मधुमेह लपवू नका, नाहीतर दावा फेटाळला जातो. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर लगेच चढतं, विम्याचे पैसे मागाहून मिळतात.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवाल्यांचा प्रवास समुद्रापेक्षा इथेच जास्त अडकतो. अमेरिकेचा व्हिसा तुमच्याकडे आहे, बरं झालं. तो नसेल तर बार्सिलोनाच्या चेक-इन टेबलावरूनच परत पाठवतात, भाडंही बुडतं. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. शेंगेनमधून बाहेर पडण्याचा पुरावा म्हणून विमानाच्या तिकिटाऐवजी क्रूझची पावती जोडायची, सोबत बंदरांच्या तारखा आणि फ्लोरिडा-मुंबई तिकीट. मदेइरा, अझोर्स, कॅनरी ही बेटं पोर्तुगाल-स्पेनची, म्हणजे शेंगेनमध्येच. पण वाटेत मोरोक्कोचं टँजियर किंवा कासाब्लांका असेल आणि नंतर पुन्हा कॅनरी, तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणाराच हवा. मोरोक्कोचा व्हिसाही लागतो, आणि तुम्ही जहाजावरून उतरणार नसलात तरी बऱ्याच कंपन्या तो मागतात. मार्गात बहामा किंवा बर्म्युडा असेल तर त्याचीही अट कंपनीकडून लेखी मागवून घ्या. एजंटच्या तोंडी 'होऊन जाईल'वर थांबू नका. शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद बार्सिलोनाला चढताना होईलच असं नाही, बऱ्याचदा ती शेवटच्या शेंगेन बंदरात होते. त्या दिवशी जहाजावर पासपोर्ट दाखवायची सूचना येते, ती चुकवू नका.

काही वाचक प्रशांत महासागराचंही विचारतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात अलास्काची जहाजं व्हँकुव्हर किंवा सिएटलहून जपानकडे जातात. ती वाट थंड, धुक्याची, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना कॅलेंडरातली एक तारीख नाहीशी होते. लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून मायामीला जाणाऱ्या फेऱ्या मात्र फार सुंदर. त्यांच्या वाटेत कोलंबियाचं कार्ताहेना किंवा अरुबा हमखास असतं, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडायचं तर मध्ये एका दूरच्या परदेशी बंदराला जावंच लागतं. मुंबईजवळून जाणारी दुबई-भूमध्य समुद्र वाट तूर्त विसरा. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे तिथल्या फेऱ्या रद्द झाल्या किंवा आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. आणि सात रात्रींत साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणारं क्वीन मेरी २ हे वेगळं प्रकरण आहे. ते महासागर ओलांडण्यासाठीच बांधलेलं जहाज, वर्षातून अनेकदा ये-जा करतं. त्याला ब्रिटनचा व्हिसा लागेल.

शेवटच्या दिवसाचं सांगतो. जहाज पहाटे धक्क्याला लागतं, नऊ-साडेनऊपर्यंत सगळे खाली उतरतात. त्या सकाळी बुफेतलं केळं किंवा सफरचंद पर्समध्ये टाकून उतरू नका. ताजी फळं, बियाणं, मांस यांवर दंड होतो आणि वास घेणारी कुत्री धक्क्यावरच असतात. अधिकारी किती दिवस राहणार विचारतो, परतीचं तिकीट आणि मुलाचा पत्ता छापील हाती ठेवा. बोटीने आलेल्यांचीही आय-९४ नोंद, म्हणजे अमेरिकेत कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याची सरकारी नोंद, होते; ती दोन-चार दिवसांनी संकेतस्थळावर उघडून तारीख तपासा. त्याच दिवशी पुढचं विमान असेल तर दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.

तुमच्या मुलासाठी आणखी एक सुचवतो. मायामी ते ऑर्लँडो गाडीने पावणेचारशे किलोमीटर आहे, म्हणजे त्याचा अख्खा दिवस जातो. २०२३ पासून दोन्ही शहरांमध्ये ब्राइटलाइन रेल्वे चालू आहे, साडेतीन तास लागतात. पण तारखा अजून पक्क्या नसतील तर बार्सिलोनाहून पोर्ट कॅनाव्हरलला संपणारी फेरी शोधा. ते बंदर ऑर्लँडोहून गाडीने तासाभरावर आहे.